काझीसमोर सेनापती

इसवी सन १७०० च्या सुरुवातीला औरंगजेबाची छावणी साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसली होती. महिना रमजानचा होता. किल्ल्यातून बाहेर पडून छावणीवर चालून आलेल्यांपैकी तेरा जण जिवंत हाती लागले, नऊ हिंदू आणि चार मुसलमान. बादशहाने काझी मुहम्मद अक्रम याला मुफ्तींना सोबत घेऊन चौकशी करायला आणि शिक्षा काय द्यावी ते लिहून कळवायला सांगितलं. हमीदुद्दीन खानाच्या नावावर असलेल्या ‘अहकाम-ए-आलमगिरी’ या आठवणींच्या संग्रहात पुढची हकीकत येते. काझीने लिहिलं की हिंदूंनी इस्लाम स्वीकारला तर त्यांना सोडून द्यावं आणि मुसलमानांना तीन वर्षं कैदेत ठेवावं. बादशहाने त्याच कागदावर शेरा मारला. हा निवाडा हनफी मताचा झाला, राज्यावरची पकड सुटणार नाही असा दुसरा काही तरी काढा, धर्मशास्त्राचं मत काही एकच नाही, चार आहेत, असा त्या शेऱ्याचा आशय. काझी आणि मुफ्तींनी नवा कागद लिहिला : इतरांना जरब बसावी म्हणून तेराही जणांना ठार करावं. बंडखोरांची शिरं पाहिल्याशिवाय आपण रोजा सोडणार नाही, असं बादशहाने कळवलं होतं. सूर्य मावळायच्या आत शिरं आली.

ही गोष्ट वाचून बादशहाचा कडवेपणा मनात राहतो, आणि ते साहजिक आहे. मला मात्र त्यातला पहिला कागद महत्त्वाचा वाटतो. त्यात धर्मांतराची सक्तीची अट आहे, आजच्या कुठल्याही न्यायबुद्धीला ती मान्य होणार नाही. पण देहदंडाचा थेट हुकूम त्या कागदात नाही. छावणीत बसलेल्या, बादशहाचा पगार खाणाऱ्या काझीला ग्रंथ जे सांगत होते ते त्याने लिहिलं. ते बदललं ते सेनापतीच्या एका शेऱ्याने. लष्करी न्यायाचा जगातला सगळ्यात जुना आजार हाच आहे : ज्याने हुकूम सोडायचा त्याच्याच हाताखाली न्याय करणारा बसलेला असतो. कोर्ट मार्शलमध्ये न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेल्या अधिकाऱ्याची बढती, बदली आणि गोपनीय अहवाल ज्याच्या हाती असतात, त्याची इच्छा काय आहे हे कुणी सांगावं लागत नाही.

इस्लामी कायदा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चाबूक आणि तलवार येते. वर्तमानपत्रांनी आणि काही राज्यकर्त्यांनी मिळून ते चित्र पक्कं केलं आहे. पण अभिजात फकिहांचे, म्हणजे धर्मशास्त्रकारांचे ग्रंथ उघडले की दिसतं, शिक्षा किती याच्याइतकीच शिक्षा देण्याचा अधिकार कुणाचा यावरही त्यांनी शाई खर्च केली आहे. फौजेच्या बाबतीत तर हा प्रश्न आठव्या शतकातच ऐरणीवर आला. मोहिमेवर असलेल्या सैनिकाने गुन्हा केला तर सेनापतीने तिथेच हद्द, म्हणजे धर्मग्रंथाने ठरवलेली शिक्षा, द्यावी का? सीरियातले थोर शास्त्री अल-औजाई म्हणाले, द्यावी, मात्र हात तोडण्याची शिक्षा मोहीम परत येईपर्यंत थांबवावी. कूफ्याचे अबू हनीफा म्हणाले, नाही. माणूस फौजेचा सरदार आहे एवढ्यानेच त्याला तो अधिकार येत नाही. तो एखाद्या प्रांताचा सुभेदार असेल, न्यायाची सत्ता त्याच्याकडे सोपवलेली असेल, तरच. पुढे अश-शाफिई यांनी आणखी वेगळं मत मांडलं : गुन्हा कुठेही होवो, शिक्षा तीच. या वादाचा मोठा भाग आपल्यापर्यंत पोचला तो अबू हनीफांचे शिष्य अबू यूसुफ यांच्या लेखणीतून. हारून अल-रशीदच्या काळात ‘काझींचा काझी’ हे पद मिळालेले हे पहिले शास्त्री. ७९८ मध्ये ते वारले.

हनफी, म्हणजे अबू हनीफांच्या, मतामागे व्यवहारही होता. शत्रूच्या मुलखात शिक्षेच्या धाकाने सैनिक पलीकडे पळून जाईल, ही भीती ग्रंथांत स्पष्ट येते. पण मुळाशी तत्त्व आहे. फौजेला हुकूम देणं हे एक काम आणि माणसाच्या अपराधाचा निवाडा करणं हे दुसरं. पहिलं हाती आलं म्हणून दुसरं आपोआप येत नाही. आधुनिक लष्करी न्यायसुधारणेचा गाभा एका वाक्यात सांगायचा तर हेच सांगावं लागेल, आणि ते बाराशे वर्षांपूर्वी कूफ्यात मांडलं गेलं होतं.

या शास्त्रकारांपुढे परंपरेने आलेल्या गोष्टीही होत्या. इब्न इसहाकने लिहिलेल्या पैगंबरांच्या चरित्रात बद्रच्या लढाईआधीचा प्रसंग आहे. पैगंबर हातातल्या बाणाने रांगा सरळ करत होते. सवाद नावाचा सैनिक रांगेच्या थोडा पुढे उभा होता, त्याच्या पोटाला बाण टोचला. तो म्हणाला, मला दुखलं, मला भरपाई द्या. पैगंबरांनी स्वतःचं पोट उघडं केलं आणि परत टोचायला सांगितलं. सवादने टोचलं नाही, मिठी मारली. लढाई तोंडावर आलेली असताना, सर्वोच्च सेनापतीकडे, साध्या सैनिकाने मागितलेली दाद वैध मानली गेली, हे त्या गोष्टीचं मर्म आहे. दुसरा प्रसंग बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत येतो. एका तुकडीचा नायक रागावला, त्याने आग पेटवायला लावली आणि शिपायांना तिच्यात शिरण्याचा हुकूम दिला. ते अडखळले. परत आल्यावर पैगंबरांनी सांगितलं की आज्ञापालन योग्य गोष्टीपुरतंच असतं. ‘वरून हुकूम होता’ ही सबब न्युरेम्बर्गच्या खटल्यांत फेटाळली गेली ती १९४६ मध्ये. बेकायदा हुकमाला नकार देण्याचा आधार फकिहांजवळ त्याच्या कितीतरी आधीपासून होता.

तिसरी गोष्ट सांगताना मात्र हात जरा आखडतो. ६३० मध्ये खालिद बिन वलीदने बनू जझीमा टोळीच्या शरण आलेल्या माणसांची कत्तल केली. पैगंबरांनी हात वर करून आपला या कृत्याशी संबंध नाही असं जाहीर केलं आणि अलींना पाठवून प्रत्येक जिवाची भरपाई दिली. खालिदचं सेनापतिपद मात्र गेलं नाही. बळी पडलेल्यांना सरकारी खजिन्यातून पैसे आणि कामाच्या सेनापतीला अभय, हा तोल आजच्या लष्करांनाही ओळखीचा आहे. परंपरेचा आधार घेणाऱ्याने परंपरेतली ही बाजूही उघड सांगितली पाहिजे.

समरकंदची हकीकत या सगळ्यात मोठी. ७१२ मध्ये कुतैबा बिन मुस्लिमने ते शहर घेतलं. काही वर्षांनी उमर बिन अब्दुल अझीझ खलिफा झाले (७१७–७२०), तेव्हा समरकंदच्या लोकांनी त्यांच्याकडे तक्रार नेली : कुतैबाने आम्हाला दगा दिला, रीतसर इशारा न देता शहर बळकावलं. खलिफांनी सुभेदाराला लिहिलं की यासाठी काझी नेमा आणि त्याच्यासमोर दोन्ही बाजू ऐकून घ्या. जुमैअ बिन हाजिर हा काझी बसला आणि त्याने निकाल दिला : अरब फौजेने शहराबाहेर आपल्या छावणीत जावं आणि नव्याने, बरोबरीच्या पायावर, तह किंवा लढाई ठरवावी. शेवटी समरकंदकरांनीच नव्या लढाईपेक्षा आहे तेच बरं म्हटलं, म्हणून फौज हलली नाही. तबरी आणि बलाझुरी या दोघा इतिहासकारांनी हे नोंदवलं आहे. जिंकून झालेल्या मोहिमेचा कायदेशीरपणा जिंकणाऱ्याच राज्याच्या न्यायाधीशाने तपासावा आणि हरलेल्यांच्या बाजूने निकाल द्यावा, याला त्या काळात फार कमी जोड सापडतील.

अशा गोष्टींना नियमांचं रूप शास्त्रग्रंथांनी दिलं. अबू हनीफांचे दुसरे शिष्य मुहम्मद अश-शैबानी (मृत्यू ८०५) यांचा ‘सियर’ हा युद्धाच्या आणि परराष्ट्रांच्या कायद्याचा ग्रंथ. त्याच्यावर मोठी टीका लिहिणारे अस-सरख्सी यांनी आपल्या लेखनाचा बराच भाग उझगंदच्या कैदेत असताना शिष्यांना सांगून लिहवून घेतला. राज्यकर्त्याला नको तो सल्ला दिला म्हणून ते आत होते. शत्रूला अभय देण्याचा अधिकार साध्या सैनिकालाही आहे आणि ते अभय सेनापतीवरही बंधनकारक आहे, असा नियम या परंपरेत आहे. बगदादचे काझी अल-मावर्दी (९७४–१०५८) यांनी ‘मजालिम’ या दरबाराचं शास्त्र मांडलं. सामान्य काझीची ताकद जिथे तोकडी पडते, तिथे सत्तावानांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला हा दरबार. त्याच्या कामांच्या यादीत पगारी लोकांची वेतनकपात आणि रखडलेलं वेतन ही तक्रार स्वतंत्रपणे येते. अशा बैठकीत पहारेकरी, काझी, शास्त्री, लेखनिक आणि साक्षीदार अशा पाच गटांची हजेरी असल्याशिवाय काम चालू नये, असं मावर्दी बजावतात. बंद खोलीतला निवाडा त्यांना मान्य नव्हता.

शास्त्र असं होतं, म्हणून व्यवहार तसाच होता असं समजू नये. मामलूक काळातल्या कैरोत ‘हाजिब’ हा लष्करी अधिकारी सैनिकांचे आपसातले तंटे आणि जहागिरीचे वाद मिटवत असे. नागरिकांशी त्याचा संबंध नव्हता. इतिहासकार अल-मकरीझी (मृत्यू १४४२) दुःखाने लिहून गेला आहे की हिजरी ७५३ मध्ये, म्हणजे इसवी सन १३५२ च्या सुमारास, इराणी व्यापाऱ्यांनी सुलतानाकडे गाऱ्हाणं नेलं. हनफी काझीने त्यांच्या ऋणकोंना दिवाळखोर ठरवून सोडलं होतं. सुलतानाने प्रकरण हाजिबकडे दिलं, त्याने मारहाण करून वसुली केली, व्यापारी खूश झाले. तेव्हापासून हाजिब सगळ्यांचेच खटले ऐकू लागले. लष्करी न्यायाला नागरिकांच्या घरात पाऊल ठेवू दिलं की काय होतं, याचा हा दाखला. दरवेळी सुरुवात ‘काझी फार मऊ आहेत’ या तक्रारीनेच होते.

आता उडी मारून विसाव्या शतकात येऊ. भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांच्या फौजांचे कायदे एकाच मुळातून फुटले : ब्रिटिशांचा १९११ चा इंडियन आर्मी अॅक्ट. भारताने १९५० मध्ये आणि पाकिस्तानने १९५२ मध्ये आपापला कायदा केला, पण सांगाडा तोच ठेवला. कोर्ट मार्शल बोलावणारा अधिकारी लष्करी, त्यात बसणारे लष्करी, निकालावर शिक्कामोर्तब करणारा लष्करी, आणि त्यानंतर स्वतंत्र न्यायालयात अपील नाही. खुद्द ब्रिटनने आपल्या सैनिकांसाठी १९५१ मध्ये अपिलाचा कायदा केला होता. साम्राज्याचा जुना कायदा मात्र नव्या स्वतंत्र देशांच्या अंगावर तसाच राहिला. १९८२ मध्ये लेफ्टनंट कर्नल पृथीपाल सिंग बेदी यांच्या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने या उणिवेवर नेमकं बोट ठेवलं : कोर्ट मार्शलच्या निकालाविरुद्ध एकाही अपिलाची सोय नाही. संसदेने आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलचा कायदा केला तो २००७ मध्ये, आणि २००९ मध्ये ते सुरू झालं. त्याचं एक खंडपीठ मुंबईत बसतं. पगार, पेन्शन, बढतीपासून कोर्ट मार्शलच्या अपिलापर्यंतची प्रकरणं तिथे जातात. भारताने हा रस्ता राज्यघटनेच्या आधाराने कापला.

पाकिस्तानात तोच प्रश्न फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, दारातून आला. झिया-उल-हक यांच्या लष्करी राजवटीत १९७९ मध्ये हुदूद (‘हद्द’चं अनेकवचन) अध्यादेश निघाले आणि लष्करी न्यायालयांनी नागरिकांना फटके मारण्याच्या शिक्षा दिल्या. त्याच राजवटीत १९८० मध्ये फेडरल शरियत कोर्ट स्थापन झालं. कुठलाही कायदा कुराण आणि सुन्ना (पैगंबरांचा आचार) यांच्या विरोधात आहे का, हे तपासण्याचा अधिकार राज्यघटनेच्या २०३-ड कलमाने त्याला दिला, काही विषय वगळून. त्याच्या निकालावर अपील ऐकायला सर्वोच्च न्यायालयात शरियत अपिलेट बेंच, त्यात तीन मुस्लिम न्यायमूर्ती आणि दोनपर्यंत उलेमा. लष्करी कायदे या न्यायालयांपुढे आले आणि १९८९ च्या निकालसंग्रहात छापून आलेल्या निर्णयात या बेंचने ठरवलं की भूदल, हवाईदल आणि नौदल यांच्या कायद्यांत दोषी ठरलेल्याला अपिलाचा हक्क नसणं इस्लामी आदेशांना धरून नाही.

या निष्कर्षाला पोचणं सोपं नव्हतं. अभिजात व्यवस्थेत न्यायालयांची उतरंड नव्हती, काझीचा निकाल अंतिम मानायचा हीच रीत. पाश्चात्त्य अभ्यासक तर दीर्घकाळ म्हणत आले की इस्लामी कायद्यात अपील ही कल्पनाच नाही. डेव्हिड पॉवर्स यांनी १९९२ च्या लेखात मगरिबमधल्या फतव्यांच्या आधारे दाखवलं की प्रत्यक्षात निकालांची फेरतपासणी होत असे. ग्रंथांतही त्याची बीजं आहेत. कुराण, सुन्ना किंवा शास्त्रकारांच्या एकमताविरुद्ध गेलेला निकाल नव्या काझीने रद्द करावा, हा नियम जुनाच. दुसरे खलिफा उमर बिन खत्ताब यांनी काझी अबू मूसा यांना लिहिल्याचं सांगितलं जाणारं पत्र प्रसिद्ध आहे. काल दिलेल्या निकालात आज चूक दिसली तर सत्याकडे परतायला संकोच करू नये, असा त्याचा आशय. शिवाय संशयाचा फायदा आरोपीला देऊन हद्द टाळावी, हे तत्त्व सर्व मोठ्या मतांनी मानलेलं. चूक सुधारण्याची वाट मोकळी असावी हे एकदा मान्य केलं, की ज्या कायद्यात ती वाट मुळातच बंद आहे तो कायदा टिकत नाही. मला हा युक्तिवाद भक्कम वाटतो, कारण तो जुन्या रचनेची नक्कल करत नाही, तिचा हेतू पुढे नेतो.

पण अंमलबजावणीत तो अर्ध्यावर अडला. १९९२ च्या दुरुस्तीने आर्मी अॅक्टमध्ये १३३-ब हे कलम आलं. देहदंड, जन्मठेप, तीन महिन्यांहून जास्त कैद किंवा बडतर्फी झालेल्याला चाळीस दिवसांत अपील करता येऊ लागलं. अपील कुणाकडे? लष्करप्रमुखाकडे किंवा त्यानेच नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या कोर्टाकडे. त्याचा निर्णय अंतिम. अपिलाचं दार आलं, पण ते त्याच वाड्याच्या आतल्या चौकात उघडतं. अबू हनीफांचा प्रश्न जसाच्या तसा उभा राहिला : फौजेचा सरदार आहे एवढ्यावरच हा न्यायाधीश कसा?

मराठी वाचकाला हे कलम नावाने ठाऊक नसलं तरी त्याचा परिणाम ठाऊक आहे. भारतीय नौदलाचे निवृत्त अधिकारी, महाराष्ट्रातले कुलभूषण जाधव यांना लष्करी न्यायालयाने दिलेली फाशीची शिक्षा १० एप्रिल २०१७ रोजी जाहीर झाली. हेरगिरीचा आरोप भारताने ठामपणे फेटाळला आहे. त्यांचं अपील लष्कराच्याच अपील कोर्टाने फेटाळलं आणि दयेचा अर्ज लष्करप्रमुखाकडे गेला. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी वाणिज्य दूतावासाशी संपर्काचा हक्क डावलला गेल्याचं ठरवलं, खटल्याची परिणामकारक फेरतपासणी करायला सांगितलं आणि तोवर शिक्षेला स्थगिती कायम ठेवली. हेगच्या न्यायालयाने शरियतचा विचार केला नाही, त्याचं ते कामही नव्हतं. पण १९८९ चा निर्णय त्याच्या खऱ्या अर्थाने अंमलात आला असता, तर पाकिस्तानच्या वकिलांना दाखवायला एक स्वतंत्र न्यायालय असतं.

हाजिबची गोष्टही पुन्हा घडली. १६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलमध्ये मुलांची हत्या झाली. साध्या न्यायालयांना दहशतवादी आवरत नाहीत, या भावनेतून जानेवारी २०१५ मध्ये एकविसावी घटनादुरुस्ती झाली आणि नागरिकांवर लष्करी खटले चालू झाले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये ११ विरुद्ध ६ मतांनी ती मान्य केली. पेशावर उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा ७४ शिक्षा रद्द केल्या. पुढे ९ मे २०२३ च्या दंगलीतल्या आरोपींचे खटले लष्कराकडे गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच जणांच्या पीठाने ते अवैध ठरवले, तर ७ मे २०२५ रोजी घटनापीठाने ५ विरुद्ध २ मतांनी तो निकाल उलटवला. त्याच निर्णयात एक निर्देश आहे : अशा नागरिकांना उच्च न्यायालयात स्वतंत्र अपील मिळावं यासाठी ४५ दिवसांत कायद्यात बदल करा. १९९२ ला जे द्यायचं राहिलं, ते मागायला आणखी तेहतीस वर्षं गेली. तेही फक्त नागरिकांपुरतं. गणवेशातल्या शिपायाला त्या निर्देशात जागा नाही, आणि मला हेच सगळ्यात खटकतं, कारण बद्रच्या रांगेत भरपाई मागणारा सवाद शिपाईच होता.

अभिजात फिकह जसाच्या तसा उचलून आजच्या फौजेवर ठेवता येणार नाही. बहुतेक शास्त्रकार मुसलमानाविरुद्ध बिगरमुसलमानाची साक्ष मानत नव्हते. युद्धकैद्यांना गुलाम करणं त्यांना मान्य होतं. ‘सियासा’, म्हणजे राज्य राखण्यासाठी शासकाने वापरायचा विवेकाधिकार, इतका रुंद झाला की साताऱ्याचा दुसरा कागद त्यातच बसतो. ही पानं गाळून परंपरेचं कौतुक करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण इंडोनेशियापासून मोरोक्कोपर्यंत ज्या देशांत शिपाई, अधिकारी आणि खासदार आपला न्यायविचार या ग्रंथांशी जोडून पाहतात, तिथे सुधारणेचा युक्तिवाद बाहेरून आणलेला आहे, हा आक्षेप पहिल्याच दिवशी येतो. त्याला उत्तर द्यायला अबू हनीफा, मावर्दी आणि समरकंदचा काझी उभे राहू शकतात. लष्करी न्यायाधीशाची नेमणूक आणि बढती सेनापतीच्या साखळीबाहेर न्यावी. वेतन आणि छळाच्या तक्रारींना मजालिमसारखं खुलं, नोंदी ठेवणारं व्यासपीठ द्यावं. बेकायदा हुकूम नाकारणाऱ्याला संरक्षण द्यावं. आणि नागरिकांचं असो की शिपायाचं, अपील गणवेशाबाहेरच्या न्यायालयात जावं. यातली एकही मागणी या परंपरेला परकी नाही. अपिलाची मागणी तर शरियत बेंचने एकदा कायद्याच्या भाषेत मांडलीही आहे, आणि १३३-ब मधल्या अपील कोर्टाची रचना बदलायला पाकिस्तानच्या संसदेला एका दुरुस्तीइतकंच काम आहे.